सिंहांच्या माथ्यावरचे चक्र

आमचा दिवस नोटा मोजण्यात जातो. नोकरीच्या सुरुवातीस जुन्या मालिकेची नोट उजेडाला धरली की जलचिन्हात अशोकस्तंभाचे सिंह दिसत. १९९६ पासूनच्या नोटांत त्या जागी गांधीजी आले. राजमुद्रा मात्र लहान आकारात आजही आहे. इतकी वर्षे पाहूनही आम्ही ती नीट पाहिली नव्हती, हे डोंबिवलीच्या आमच्या विहारातील रविवारच्या वर्गात कळले. सहावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, धम्मचक्र सिंहांच्या पायाखाली का?" आम्हांस उत्तर देता आले नाही.

घरी येऊन पुस्तके काढली. तथागतांनी पहिले प्रवचन दिले त्या सारनाथला सम्राट अशोकाने हा स्तंभ उभारला. १९०४-०५ च्या उत्खननात त्याचा शिरोभाग मिळाला. पाठीला पाठ लावून चार सिंह (चित्रात तीनच दिसतात), त्यांखालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल, सिंह आणि मध्ये चार चक्रे. २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारलेल्या राजमुद्रेत यांपैकी बैल व घोडाच दिसतात; तळाचे उलटे कमळ घेतलेले नाही. 'सत्यमेव जयते' हे शब्दही स्तंभावरचे नव्हेत, मुंडकोपनिषदातले आहेत. ही गफलत आपल्यातही पुष्कळांची होते.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मोडलेल्या भागात आहे. मूळ शिल्पात सिंहांच्या माथ्यावर आणखी एक मोठे चक्र होते, असे अभ्यासक मानतात. त्याचे तुकडे सारनाथलाच सापडले. काहीजण सिंहांत शाक्यसिंह बुद्ध पाहतात, काहीजण राजसत्ता. आम्हांस दुसरा अर्थ अधिक पटतो. सत्ता कितीही बलाढ्य असो, तिच्या डोक्यावर धम्म हवा. ते वरचे चक्र राजमुद्रेत आले नाही. पण २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या ध्वजावर २४ आऱ्यांचे चक्र मधोमध आले, आणि त्या ध्वजाचा विचार करणाऱ्या समितीत बाबासाहेब होते.

पुढच्या रविवारी हे सांगितले, तर तिचा लगेच दुसरा प्रश्न : "मग बनारसला जायचे?" अशोकाची खूण त्याहून जवळ आहे. नालासोपाऱ्यास १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. राजाने मौजेच्या यात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे हा लेख सांगतो. तुकडा आता मुंबईच्या संग्रहालयात आहे, पण तिथला स्तूप जागेवर आहे. दिवा-वसई गाडीने वसईपर्यंत, पुढे एकच स्टेशन. थंडी पडली की वर्ग घेऊन निघणार आहोत. डबे ज्याचे त्याने आणावेत.