‘बालवाडी’ ते ‘अंगणवाडी’ : समासातून उलगडणारा सुधारणेचा इतिहास

प्रास्ताविक

मागील घटकात आपण तत्पुरुष समासाचा अभ्यास केला. सामाजिक परिवर्तनाच्या खुणा सामासिक शब्दांत कशा उमटतात, हे या घटकात पाहावयाचे आहे.

विषय-विवेचन

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे ‘मुलांची बाग’, असे नाव दिले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे ‘बालमंदिर’ सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. मराठीत रूढ झालेल्या ‘बालवाडी’ या शब्दाचा विग्रह ‘बालांसाठी वाडी’ असा होतो. येथे ‘वाडी’ म्हणजे बाग. ही तिन्ही नावे एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : शाळा कोणासाठी?

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील अनुभव असा, की शाळा उघडली तरी वारली मुले येत नसत. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड सांभाळी. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे जावे, ही भूमिका त्यांनी घेतली. पाड्यावरील अंगणात भरली ती ‘अंगणवाडी’. गुरे चरतात तेथे भरली ती ‘कुरणशाळा’. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ही याच विचारातून साकारली, धाकट्याची सोय झाल्याने थोरल्या बहिणीला शिकता येऊ लागले.

आता विग्रह पाहा : ‘अंगणातील वाडी’, ‘कुरणातील शाळा’. येथे पूर्वपद स्थळ सांगते. ‘कोणासाठी’ या प्रश्नाची जागा ‘कोठे’ या प्रश्नाने घेतली. शाळा सर्वांसाठी खुली आहे, एवढे म्हणणे पुरेसे नव्हते; ती कोठे भरते, यावरून कोणती मुले वगळली जातात हे ठरत होते. सुधारणेचे मर्म या बदलात आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. आज तो ऐकताना शासकीय केंद्र आठवते. त्यातील ‘अंगण’ सहसा जाणवत नाही. तथापि प्रश्न जुना झालेला नाही. नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातून एखादे कुटुंब ऊसतोडीला जाते, तेव्हा मुलाचे अंगणच बदलते. कोपीवर राहणाऱ्या त्या मुलापर्यंत वाडी पोहोचली, तरच समासातील पूर्वपद सार्थ ठरेल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘बालवाडी’ व ‘अंगणवाडी’ यांच्या विग्रहांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या गावातील अंगणवाडी कोठे भरते आणि कोणत्या वस्तीतील मुले तेथे येत नाहीत, याची नोंद करून कारणे लिहा.