पखाल म्हणजे काय?



मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पाण्याचा टँकर उशिरा आला आणि पी.टी. संपवून आलेल्या मुलांना मेसमध्ये पाणी मिळाले नाही. मेसमधले काका लांबच्या नळावरून दोन्ही हातांत कॅन घेऊन धापा टाकत आले, तर एका कॅडेटने त्यांच्यावरच आवाज चढवला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "अरे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला!" तो गोंधळून म्हणाला, "सर, पखाल म्हणजे काय?"

वर्गात विचारले, तर एकालाही सांगता आले नाही. म्हणून हा पाठ.

पखाल म्हणजे पाणी वाहण्याची कातड्याची मोठी पिशवी. ती रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबेल अशी टाकत. विहिरीवर भरायची, दारोदार न्यायची आणि खालचे बांधलेले तोंड सोडून लोकांच्या भांड्यांत पाणी ओतायचे. हे काम करणारा तो पखालजी. आता म्हणीचा अर्थ लागतो. आजारी आहे ओझे वाहणारा रेडा, आणि औषध लावतात त्याच्या पाठीवरच्या कातड्याला! दोष एकीकडे, इलाज भलतीकडे.

जनावर नसेल तिथे माणूसच पाणी वाही. बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची शिवलेली पिशवी, म्हणजे मशक, तो पट्ट्याने खांद्याला अडकवून कमरेवर पेलत असे. भरलेली मशक वीस-तीस किलोंची. मशकेचे तोंड मुठीत धरून, पकड सैल-घट्ट करत तो हवी तेवढीच धार सोडी. कातड्यातून किंचित पाणी झिरपून वाळत राही, त्यामुळे आतले पाणी गार राही. कातडे वाळून तडकू नये म्हणून त्याची निगाही त्यालाच राखावी लागे. या माणसाला भिस्ती म्हणत. हा शब्द फारसी 'बिहिश्त', म्हणजे स्वर्ग, यावरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला, अशी त्यामागची भावना.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानी पलटणींबरोबर भिस्ती असत. त्यांची नोंद लढणाऱ्यांत नव्हे, तर 'फॉलोअर' म्हणून होई. पगारही शिपायापेक्षा कमी. पण गोळ्या काही नोंदवही पाहून लागत नाहीत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे आपले सैन्य ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असे वेढ्यात अडकले. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. पिण्याचे पाणी टायग्रिस नदीचे, आणि पलीकडच्या काठावर तुर्की नेमबाज. पाणी आणायला नदीवर उतरणाऱ्या भिस्त्यांवर ते गोळ्या झाडत. हातात बंदूक नाही, पाठीवर ओझे, त्यामुळे पळताही येत नाही. तरी रोज पाणी आणावेच लागे. शौर्याचा हाही एक प्रकार आहे.

मग हे काम गेले कुठे? उत्तर आपल्या बेंगळुरूतच आहे. पूर्वी हे शहर तळी आणि विहिरींवर जगत असे. १८९० च्या दशकात हेसरघट्टाचे पाणी नळाने आले, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आणि १९७४ मध्ये सुमारे शंभर किलोमीटरवरून कावेरीचे. नळ आला आणि पखालजी गेला. तसेच विजेचे दिवे आल्यावर रस्त्यावरचे कंदील लावणारा गेला आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाल्यावर तारवाला गेला.

धंदा गेला, पण गरज गेली नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरातल्या बोअरवेल आटल्या, तेव्हा लोक टँकरची वाट पाहत उभे होते. टँकरचा चालक हा आजचा पखालजीच. सैन्यात तर शब्दही टिकला: खेचरांवरून पाणी नेण्यासाठी कातड्याऐवजी धातूच्या टाक्या आल्या, तरी त्यांनाही 'पखाल'च म्हणत.

त्या कॅडेटला मी शिक्षा दिली नाही. दोन भरलेले कॅन उचलून नळापासून मेसपर्यंत चालायला सांगितले. वाटेत तो चार वेळा थांबला. परत आल्यावर मी काही विचारण्याआधीच तो काकांकडे गेला आणि म्हणाला, "काका, माझं चुकलं."

उद्या तुमच्यापैकी कोणी अधिकारी होईल. तुमच्या हुकुमावर जवान चौकीवर चढतील, आणि त्यांच्या मागून कोणीतरी पाणी घेऊन चढेल. त्याचे नाव तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

करून पाहा
१. वीस लिटरचा कॅन शंभर पावले वाहून न्या आणि अनुभव पाच वाक्यांत लिहा.
२. सुटीत आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी गावात कोणती कामे होती, जी आज नाहीत? ती करणाऱ्या एका माणसाविषयी लिहून आणा.