जुनापाणीची शिलावर्तुळे

वाशीम हे विदर्भातील पुरातन नगर होय. वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. १९३९ साली उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटामुळे दुसरा विंध्यशक्ती या राजाचे नाव, वंश व दानधर्म आपणांस कळला. परंतु ज्यांनी एकही अक्षर मागे ठेवले नाही, त्यांचा इतिहास कोणी सांगावा?

त्याचे उत्तर विदर्भातच, नागपूर-काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणी येथे मिळते. तेथील माळावर मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडलेले दिसतात. अशी सुमारे ३०० वर्तुळे तेथे आहेत. आतील भागात माती व गोटे यांची भर घालून बुटका उंचवटा केलेला असतो. ही प्राचीन लोकांची दफनस्थाने होत. मृतांवर असे ढिगारे रचण्याची चाल जगात फार जुनी आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंज येथील नवाश्मयुगीन दफनस्थान ५,००० वर्षांहून जुने आहे. विदर्भातील वर्तुळे त्यामानाने अलीकडची, लोहयुगातील आहेत.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९६१-६२ साली जुनापाणी येथे उत्खनन केले. तेव्हा लोखंडी हत्यारे व काळ्या-तांबड्या रंगाची मृत्पात्रे मिळाली. पुढे माहुरझरी येथे घोड्याचे अवशेष व त्याच्या मुखावरील तांब्याचा साज सापडला. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. यावरून हे लोक लोहविद्येत निष्णात होते, घोडा त्यांना प्रिय होता आणि मृतांविषयी त्यांच्या मनात आदर होता, हे दिसून येते.

मात्र या वस्तू जागच्या जागी सापडल्या, म्हणूनच त्या बोलल्या. कुऱ्हाड कोणत्या थरात होती, कोणाच्या उशाशी होती, हे ठाऊक नसेल तर ती केवळ गंजलेले लोखंड ठरते. १९५८ च्या कायद्यान्वये संरक्षित स्मारकांची नासधूस करणे हा गुन्हा आहे. तथापि प्रत्येक धोंड्यापाशी पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे गावकऱ्यांची जाण हाच खरा पहारा होय.

ताम्रपट वितळवून त्याची घागर करणारा आणि वर्तुळातील धोंडा उचलून शेताच्या बांधावर घालणारा, या दोघांच्या हातून होणारी हानी एकच आहे.

स्वाध्याय

१. वाशीमच्या ताम्रपटावरून कोणती माहिती मिळाली?
२. 'जागच्या जागी सापडल्या, म्हणूनच त्या बोलल्या' याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या गावाजवळील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.