किमान रकमेचा भरणा

अर्धापूर परिसरातील ज्या कुटुंबांचा संसार केळी आणि हळद यांच्या भरवशावर चालतो, त्यांच्या घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. केळीचे घड उतरले, हळद शिजून, वाळून बाजारात गेली आणि व्यापाऱ्याने हिशेब चुकता केला, म्हणजेच तो येतो. क्रेडिट कार्डाचे बिल मात्र नेमल्या तारखेस येते, आणि पगारदारासाठी आखलेली ही व्यवस्था शेतकऱ्याच्या घरात शिरली म्हणजे काय घडते, हे मी आमच्याच घरात पाहिले.

विहिरीवरील मोटार जळाल्यामुळे माझ्या पुतण्याने १५ मे रोजी नवी मोटार आणि केबल मिळून ६०,००० रुपयांची खरेदी कार्डावर केली. बिल १० जूनला निघाले. भरण्याची मुदत ३० जूनपर्यंत होती. केळीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले असल्यामुळे, बिलावर ठळक छापलेली 'किमान देय रक्कम' ३,००० रुपये त्याने मुदतीत भरली आणि आपण नियमाप्रमाणे वागलो या समाधानात तो राहिला. १० जुलैच्या बिलात व्याजाचे ३,६७३ आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६६१ रुपये चढले होते. "काका, पैसे भरले तरी बाकी वाढलीच कशी?" असे विचारीत तो माझ्याकडे आला. बाकी खरोखरच ६१,३३४ रुपयांवर, म्हणजे मूळ खरेदीच्याही वर गेली होती.

पतसंस्थेच्या खातेवह्यांत माझी हयात गेलेली असल्यामुळे मी कागद घेऊन आकडेमोड केली, आणि बँकेचा हिशेब तंतोतंत बरोबर निघाला. बिनव्याजी म्हणून सांगितले जाणारे दिवस ही सशर्त सवलत आहे. बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीत भरली तरच ती टिकते, आणि काही बाकी राहिली की त्या बाकीवरील व्याज मुदत संपल्यापासून नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते. ५७,००० रुपये, १५ मे ते १० जुलै हे ५६ दिवस, दरमहा साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर: रकमेला दिवसांनी व वार्षिक दराने गुणून ३६५ ने भागावे, की ३,६७३ हाच आकडा येतो. किमान रक्कम भरल्याने विलंबशुल्क टळते, पत राखली जाते. व्याज मात्र क्षणभरही थांबत नाही.

याहून घातक गोष्ट पुढेच आहे. जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. १० जुलैच्या बिलानंतर त्याने त्याच कार्डावर घेतलेल्या खतावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज लागले. कार्डावर एटीएममधून काढलेल्या रोख रकमेस तर ही सवलत मुळातच नसते.

आमच्याकडे कार्ड म्हटले की अनेकांना किसान क्रेडिट कार्डच आठवते. १९९८ पासूनच्या त्या योजनेत अल्पमुदतीचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेवर फेडल्यास दर ४ टक्क्यांवर येतो. त्याच भरवशावर हे दुसरे कार्ड वापरणाऱ्याची दिशाभूल होते. सावकारीच्या काळातही, साचलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा निर्बंध हिंदू कायद्यात होता. बँकांच्या दराला तसा बांध नाही: १९८४ पासून, दर अवाजवी आहे एवढ्याच कारणाने न्यायालय बँकेचा व्यवहार पुन्हा उघडू शकत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. तेव्हा रक्षण कर्जदाराने स्वतःच करावयाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही घरातील सोने तारण ठेवले, त्या कर्जाचा दर कार्डाच्या दराच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नव्हता, आणि कार्डाची बाकी एकरकमी फेडली. ज्यांना पूर्ण बिल भरणे अशक्य दिसते, त्यांनी प्रथम कार्ड वापरणे थांबवावे, मग स्वस्त कर्ज मिळते का ते पाहावे, आणि तेही नसेल तर हप्ते पाडून देण्यास बँकेला सांगून हप्त्यांचा दर व शुल्क लेखी मागावे. फेड करताना बिलावरचा आकडा पुरत नाही. बिल निघाल्यापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचे व्याज पुढील बिलात उगवते, म्हणून त्या दिवशीची एकूण येणे रक्कम बँकेला विचारूनच भरणा करावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे व्याज भरणा वजा जाता उरलेल्या रकमेवरच लागावयास हवे, न भरलेले शुल्क व कर यांवर व्याज चढवता येत नाही, आणि विलंबशुल्क मुदत उलटून तीन दिवसांहून अधिक झाल्यावरच लावता येते. याविरुद्ध काही आढळल्यास बँकेकडे लेखी तक्रार करून पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही अथवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, आणि त्याविषयीची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. सर्व बाकी फेडून कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर बँकेने ते कामकाजाच्या सात दिवसांत बंद केले नाही, तर पुढील विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. म्हणून अर्जाच्या प्रतीवरही तारखेसह पोच घ्यावी.