लाटा ओलांडून सुरमईकडे : डर्बनचे कयाकवाले आणि समुद्र वाचण्याचा धडा



नववीला 'गतीचे नियम' शिकवताना क्रिकेटचा चेंडू, कॅरमची सोंगटी आणि बंदुकीची गोळी ही उदाहरणं आपण वर्षानुवर्षं देत आलो. यंदा एक वेगळं उदाहरण घेऊन बघा. एका माणसाची अरुंद होडी, समोर फुटणाऱ्या लाटा, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वीस किलोची सुरमई! मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतील.

हे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. पूर्व किनाऱ्यावर डर्बन शहर आहे, प्रांताचं नाव क्वाझुलू-नाताल. १४९७ च्या नाताळच्या सुमारास वास्को द गामा या किनाऱ्यावरून पुढे गेला आणि पोर्तुगीज भाषेतलं सणाचं नाव त्याने किनाऱ्याला दिलं. आपला 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. (इतिहासाच्या तासाला हे जरूर सांगा.) या लांबलचक किनाऱ्यावर मोठी बंदरं दोनच, डर्बन आणि रिचर्ड्स बे. बाकी बहुतेक ठिकाणी उघडी पुळण आणि हिंदी महासागराच्या लाटा. म्हणून होडी वाळूवरूनच ढकलायची आणि लाटा ओलांडून बाहेर न्यायची, अशी पद्धत तिथे रुजली.

कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवत. डर्बनकडची मासेमारीची कयाक मात्र फायबरची असते. माणूस आत नव्हे, वर बसतो, त्यामुळे लाट अंगावरून गेली तरी पाणी निथळून जातं. मध्ये एक झाकणाचा कप्पा असतो. जाताना गळाच्या काठ्या त्यात, येताना मासा त्यात.

आणि मासा कोणता? तिकडे त्याला 'कूटा' म्हणतात, पण तो दुसरा-तिसरा कुणी नसून आपली सुरमईच. मालवणकडे आणि गोव्यात जिला इसवण म्हणतात, तीच जात. बांगडा आणि कुपा हे तिच्याच कुळातले. दात कात्रीसारखे, नायलॉनची दोरी एका झटक्यात तोडते. म्हणून गळाच्या वर थोडी पोलादी तार लावावी लागते.

आमिष गिळलं की सुरमई सुसाट सुटते, रीळ ओरडायला लागतं. पुळणीवर उभा असलेला माणूस पाय रोवून उभा असतो, त्यामुळे सगळा ताण काठी, दोरी आणि रिळावर येतो. कयाकमधला माणूस मात्र होडीसकट माशामागे ओढला जातो! पाण्यात घर्षण कमी, त्यामुळे झटका एकदम बसत नाही, वेळेत पसरतो. झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेच तत्त्व. मासा होडी ओढून ओढून थकतो. कधी कधी थकलेला मासा वर येईपर्यंत शार्क अर्धा कापून नेतो. तिथले लोक हसून म्हणतात, 'टॅक्सवाला' आला होता.

पण खरी परीक्षा माशाची नाही. किनाऱ्यालगतच्या फुटत्या लाटांच्या पट्ट्याची आहे. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचं वस्तुमान साधारण १०२५ किलो. एवढं ओझं अंगावर कोसळलं तर काय होईल, मुलांनाच विचारा. म्हणून जाणकार कयाकवाला आल्या आल्या होडी पाण्यात घालत नाही. वाळूवर उभा राहून नुसता बघत राहतो. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते. म्हणजे लाट जिथे फुटते तिथे तळ उथळ, वाळूचा बांध आहे. आणि जिथे फुटत नाही तिथे खोल घळ आहे. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, मग थोडी उसंत मिळते. ती उसंत आणि ती घळ सापडली की तो जोर लावून वल्हवतो, होडीचं नाक सरळ लाटेकडे ठेवून. आडवी झाली की उलटलीच. परतताना आणखी अवघड, कारण लाट पाठीमागून येते. उलटलाच तर त्याचा नियम असा : होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधी राहायचं नाही. लाटेने फेकलेली होडी डोक्यात बसते.

आता हा भाग आपल्या मुलांसाठी फार महत्त्वाचा. बांधावरून किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि त्याच घळीतून वेगाने बाहेर जातं. हाच रिप करंट. कयाकवाल्याला तो फुकटची ढकल देतो. आणि आपली सहल कोकणात जाते तेव्हा पालक काय म्हणतात? "तिकडे लाटा मोठ्या आहेत, इथे शांत आहे, इथे खेळा." ती शांत दिसणारी, गडद रंगाची पट्टी बऱ्याचदा हीच घळ असते! जोरदार असेल तेव्हा तिचा वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जातो, चांगला पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकत नाही. तो माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. माणूस दमतो तो उलट पोहण्याने. म्हणून तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत फुटणाऱ्या लाटांच्या बाजूला यायचं. मदतीला जाणाऱ्यानेही नुसती उडी न टाकता दोरी, ट्यूब, रिकामा बंद कॅन, काहीतरी तरंगणारं फेकावं.

वर्गात करून दाखवायला मोठा ट्रे आणि ओली वाळू पुरते. ट्रे किंचित उतरता ठेवा, मध्ये वाळूचा बांध घाला आणि एका जागी बोटाने खाच पाडा. बांधाच्या वरच्या बाजूला थर्माकोलचे दाणे टाका आणि तिथेच मगने हळूहळू पाणी ओता. दाणे कुठून बाहेर पडतात, ते मुलांना आधी ओळखायला सांगा.