चकचकीत शंख घेण्याआधी

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट हे बेट आहे. 2017 मध्ये तिथे सुट्टीला आलेल्या टेक्सासच्या एका महिलेकडे 40 ‘क्वीन काँच’ सापडले. गुलाबी ओठांचे हे मोठे शंख मुलांनी हौसेनं गोळा केले होते आणि त्यांतले बहुतेक जिवंत होते. ते उचलायला बंदी आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. तरीही पुढच्या वर्षी न्यायालयानं तिला 15 दिवसांची कैद आणि 500 डॉलर दंड सुनावला.

मोठ्या शंखांची भूल मलाही लहानपणापासून आहे, म्हणून हे सांगावंसं वाटतं. शंख म्हणजे समुद्री गोगलगायीनं वर्षानुवर्षं चुन्याचे थर चढवत बांधलेलं घर. क्वीन काँचला वयात यायलाच जवळपास चार वर्षं लागतात. फ्लोरिडात त्यांची बेसुमार लूट झाली. 1980च्या दशकात बंदी आली, तरी त्यांची संख्या अजून पूर्ववत झालेली नाही.

जवळपास अर्धा मीटर लांबीचा ‘ट्रायटन’ तर प्रवाळाचा राखणदारच. प्रवाळ फस्त करणारा ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ हा काटेरी तारामासा तो खातो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं 1969 मध्येच ट्रायटनला संरक्षण दिलं. भारतात ट्रायटन आणि ‘हॉर्न्ड हेल्मेट’ हे दोन्ही शंख 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. त्यांचा व्यापार हा गुन्हा आहे.

मग जिवंत प्राण्यासकट काढलेला शंख ओळखायचा कसा?

चकाकी पाहा. लाटांनी किनाऱ्यावर टाकलेला मेलेला शंख सहसा झिजलेला, फिकट, बारीक भोकं पडलेला असतो. दुकानातला भला मोठा, आरशासारखा शंख बहुधा जिवंत प्राण्यासकट समुद्रातून काढलेला असतो. किनाऱ्यावर सापडलेला शंख उलटा करून आत नीट पाहा. रिकाम्या वाटणाऱ्या शंखात खेकडा बिऱ्हाड करून असू शकतो. शंकूच्या आकाराचा ‘कोन’ जिवंत असेल तर हातच लावू नका. त्यातल्या काही जातींचा दंश माणसाचा जीव घेऊ शकतो.

घरात जुना संग्रह असेल, तर तो बंद लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शंखावर पांढरी पूड धरते आणि नक्षी कायमची जाते. काच किंवा धातूचं कपाट बरं.

आणि अंदमान, लक्षद्वीप किंवा परदेशी निघाला असाल, तर तिथले नियम आधी विचारून घ्या. शंका आली, तर फोटो काढा आणि शंख होता तिथेच ठेवा.