श्वसनसंस्थेची ओळख

विद्यार्थी मित्रहो, आनापानसतीत आपण श्वासाकडे लक्ष देतो. तो श्वास शरीरात काय करतो, हेही समजून घेऊ.

फुप्फुसे स्वतःहून फुगत नाहीत. त्यांच्याखालील श्वासपटल खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात, छाती रुंदावते आणि हवा आत येते. नाकात ती गाळली जाते व श्वासनलिकेतून वायुकोशांत पोहोचते. तेथे प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून हवेतील २१ टक्के प्राणवायू उच्छ्वासात सुमारे १६ टक्केच उरतो.

परंतु वायुकोश विषारी वायूला अडवू शकत नाहीत. बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि माणूस कोसळतो. वाचवायला उतरलेला सोबतीही दगावतो.

संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. हे काम करणाऱ्या आपल्या बांधवांना अवश्य सांगा : साधनांशिवाय उतरू नका. कोणी अडकल्यास मागोमाग उडी न घेता अग्निशमन दलाला बोलवा. श्वासाची जागरूकता विहारात हवी, तशीच कामावरही हवी.

जयभीम!